कोरी पट्टी

"आमच्याकडे हे घोडे उलटे फिरतील," ब्रँट म्हणाला आणि डोरीनच्या हातातला ब्रश थांबला.

स्कार्नमथच्या धक्क्यावरचं मेरी-गो-राउंड विकत घ्यायला ब्रँट अमेरिकेहून आला होता. मालक क्लिफर्ड ऐंशीचे, गुडघे गेलेले, मागे मूलबाळ नाही. सही करून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. अडतीस वर्षं घोडे रंगवणाऱ्या डोरीनला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की हे घोडे गेले तर माझ्या जिवाला करमायचं नाही.

"उलटे म्हणजे?" चहाचा मग खाली ठेवत क्लिफर्डनी विचारलं.

"घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आमच्याकडे तीच पद्धत."

"अहो साहेब, घोड्यावर डाव्या बाजूनं चढतात. म्हणून आमच्या घोड्यांचं डावं अंग बाहेर. सगळं कोरीवकाम, सगळा वर्ख त्याच अंगाला. तुम्ही काय लोकांना त्यांची भुंडी बाजू दाखवणार?" डोरीन मध्येच म्हणाली.

"रंग मारून घेऊ. मानेवरची नावंही खोडावी लागतील."

मानेवरच्या पट्टीत घरच्यांची नावं घालायची, ही चाल क्लिफर्डच्या आजोबांपासूनची. आयव्ही म्हणजे त्यांची आई, पर्सी म्हणजे काका. युद्धात शत्रू उतरू नये म्हणून लष्करानं धक्का मधोमध तोडला, तेव्हा आयव्ही आणि पर्सी हे घोडे टोकाच्या तुकड्यावर सहा वर्षं समुद्रात एकटे उभे होते. धक्का पुन्हा सांधला त्याच दिवशी ते फिरले. असला धक्का साऱ्या किनाऱ्यावर दुसरा नाही, हे डोरीन भेटेल त्याला सांगायची. ब्रँटलाही सकाळीच ऐकवून झालं होतं.

"माझ्या आईचं नाव खोडणार?" क्लिफर्ड म्हणाले. "मग राहू द्या. व्यवहार मोडला."

ब्रँटचं तोंड उतरलं. त्यानं कडेच्या करड्या घोड्याकडे बोट केलं. "निदान हा तरी द्या. याच्यावर तर कुणाचंच नाव नाही."

खरंच नव्हतं. दर वसंतात डोरीन ती पट्टी सोनेरी करायची आणि कोरी सोडायची. घरात कोणी आलं की नाव घालू, असं मालक म्हणाले होते. ती वाट बघत राहिली, पण कोणी आलंच नाही.

"तोही घरचाच," क्लिफर्ड म्हणाले. "रंगारणीनं स्वतःचं नाव स्वतः घालायचं नसतं, आणि इथे दुसऱ्या कुणाला ब्रश धरता येत नाही. म्हणून अडलंय. आण गं तो ब्रश इकडे."

डोरीननं ब्रश मागे घेतला. "मालक, तुमचा हात कापतो."

"आण म्हटलं ना, पोरी!"

त्यांनी ब्रश मुठीत धरला, चमचा धरावा तसा. पहिलं अक्षर फुगलं, मधली एकमेकांच्या अंगावर रेलली, शेवटचं पट्टीबाहेर घसरलं. केसभर चुकलेली रेघही डोरीन कधी राहू देत नसे. रंग पुसायचं टर्पेंटाइनचं फडकं तिच्या हातातच होतं.

"वाकडं झालं का गं?" क्लिफर्डनी विचारलं.

"झालंय." तिनं फडकं खिशात कोंबलं. "पण कोणी हात लावाल, तर खबरदार!"