जागचा माठ

सुरुंगाच्या स्फोटात हवालदार सावळारामचे डोळे गेले, त्याला आता बावीस वर्षं झाली. अपंगत्वाच्या पेन्शनची तपासणी करायला साहेब घरी आले, तेव्हा पाहुण्यांना पाणी द्यायला तो ताठ उठला, सरळ माठाशी गेला आणि थेंबही न सांडता तांब्या भरून घेऊन आला.

"बाबा, तुम्हाला तर चांगलं दिसतंय की," साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

"सायेब, घरातली एक वस्तू मी जागची हलवत न्हाई, म्हणून जमतं ह्यांना," त्याची बायको साळुबाई काकुळतीने म्हणाली.

"फेरतपासणीचा अर्ज करा. महिन्याभरात परत येतील बघायला."

जीप गेली. साळुबाईने माठ उचलला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याच्या वाटेत आणून ठेवला.