छान झालाय, मावशी

“छान झालाय, मावशी,” भिंगरी म्हणाली आणि पास्त्याचा आणखी एक घास तिनं तोंडात घातला.

मावशीचा जीव भांड्यात पडला. बाप कामावर, घरात दोघीच, आणि नव्या आईला मावशी म्हणायला लागल्यापासूनच्या चार महिन्यांत पोरीनं पहिल्यांदाच आपण होऊन काही मागितलं होतं: मोबाइलवर पाहिलेला तो लाल कोरियन पास्ता. मग काय, मावशीनं कंबर कसली. लोण्यात लसूण परतला, त्यात कोरियन मिरचीची घट्ट पेस्ट घातली, आंबवलेल्या कोबीची किमची बारीक चिरून टाकली, वर क्रीम आणि मूठभर चीज. कोळंबीचा कण जरी पोटात गेला तरी पोरीचा घसा सुजतो, हे बापानं दहादा बजावलं होतं. म्हणून किमचीच्या बाटलीवरचं लेबल तिनं डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं, तेही तीनदा. कोबी, मुळा, मिरची, लसूण, आलं, मीठ. बस्स.

ती ओटा आवरायला वळली. बाटली पास्त्याच्या पातेल्याशेजारीच राहिली होती आणि वाफेनं लेबलाचा कोपरा सुटला होता. मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात जुन्या लेबलांवर नवी लेबलं शिवायची, दिवसाला चारशे. हाताच्या सवयीनं तिनं कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं लेबल होतं. परक्या लिपीतलं, एक अक्षर कळेल तर शपथ. पण त्यावरचं चित्र शेंबड्या पोरालाही कळलं असतं: लांब मिशांची गुलाबी कोळंबी.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. लेबलाखाली लेबल असतं, हे जगात कुणाला नाही तरी तिला माहीत असायला हवं होतं.

“भिंगरे, थांब! खाऊ नकोस!”

पोरीचा काटा हवेतच राहिला. अर्धी बशी रिकामी झाली होती.

“तोंडात खाजतंय का? खरं सांग.”

“तिखट आहे ना... म्हणून जरासं...” आवाज घोगरा होता. तिखटानं घसा बसेल एक वेळ. पण गळ्यावर गांधी उठल्या होत्या, त्या तिखटानं उठत नाहीत.

कपाटात ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन होतं. बापानं मावशीकडून उशीवर सराव करून घेतला होता, तेव्हा दोघंही हसली होती. आता काही केल्या टोपण निघेना. शेवटी निघालं. पोरीला फरशीवर पाय पसरून बसवलं, पेन मांडीवर दाबलं, आणि दहा आकडे मोजताना सात दोनदा म्हटलं. मग रुग्णवाहिकेला फोन. पत्ता सांगताना स्वतःच्याच घराचा मजला आठवेना.

“गाडी निघालीय. तिला उभी करू नका,” पलीकडची बाई म्हणाली.

मावशी पोरीला छातीशी टेकवून बसली. भिंगरीच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. पुढचा श्वास येईपर्यंत मावशीचाही अडकून राहत होता.

“कधीपासून खाजत होतं गं?”

“पहिल्या घासापासून.”

“आणि तू खात राहिलीस?”

“तू एवढं केलंस... तुला वाईट वाटलं असतं.”

बापाच्या हातची भाजी जरा बिघडली तर हीच पोर ताट सरकवून घर डोक्यावर घ्यायची. आणि मावशीचं मन राखायला मुकाट्यानं घसा सुजवून घेत बसली होती. त्या कोळंबीपेक्षा मावशीला याचीच जास्त भीती वाटली.

“अगं कार्टे!” ती ओरडली. आजवर पोरीवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. “वाईट वाटलं तर वाटू दे! चुलीत गेला तो पास्ता! नको वाटलं तर थुंकायचं, फेकायचं, माझ्या तोंडावर फेकायचं! कळलं?”

भिंगरी तिच्याकडे टकामका बघत राहिली. श्वासातली शिट्टी जराशी मंदावली होती. खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला.

“मावशी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मीठ पण जास्त होतं.”