ह्यांच्या वाटणीचं

हे जपानी फौजेतून चीनच्या लढाईवर गेल्यापासून सासूबाई रोज संध्याकाळी ह्यांच्या फोटोपुढे ताट मांडतात. रेशनचा मूठभर भात, मुळ्याची एक फोड आणि झाकण घातलेल्या वाटीत गरम मिसोचं सूप. जरा वेळानं झाकण उचलून आतून वाफेचे थेंब धरलेत का बघतात.

"धरले गं बाई! खुशाल आहे माझा योसाकू."

पत्रं कधीची बंद झालीत, तेव्हा तेच आमचं टपाल. मग निवलेलं ताट आमची छोटी लेक चिझू खाते आणि आम्ही दोघी रताळ्यावर भागवतो. रताळंही आताशा रोज नसतं.

परवा हे अचानक दारात उभे राहिले. दोन दिवसांची रजा, मग आगबोटीनं दक्षिणेला. चिझू रांगतही नव्हती तेव्हा हे गेलेले. ती माझ्यामागे लपली.

"आज ताट फोटोला नाही, माझ्या लेकाला!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

हे मान खाली घालून जेवले, शितन् शीत वेचून. चिझू समोर बसून घासाघासाला बघत होती.

वाटी रिकामी झाली तशी तिनं माझी बाही ओढली.

 

"आई, बाबा परत लढाईवर कधी जाणार?"