रेणुकाईची ओटी

"तू नुस्ती पालथी पडून राह्य. बाकीचं मी पाह्यतो," भुजंगरावांनी बायकोला, दैवशालाला सांगितलं होतं. जालन्याच्या कोरोना वॉर्डात तिचा कागद भरला, तेव्हा वय, शुगर, बीपी, सगळंच तिच्या विरुद्ध गेलं. "मनाची तयारी ठेवा," डॉक्टर म्हणाले. सोबत राहिलेल्या भुजंगरावांनाही त्यांनी काही त्रास होतो का विचारलं, तर ते हसले. "मला काय धाड भरली? आजबी क्विंटलचं पोतं उचलतो." अंगात पाच दिवसांचा ताप होता, तो त्यांनी सांगितला नाही. सांगितला असता तर तिच्या उशापासून उठवलं असतं. सहाव्या दिवशी ते पडले, ते उठलेच नाहीत. दैवशाला मात्र आपल्या पायांनी घरी आली.

तेरावा उरकल्यावर थोरली जाऊ सोनूबाई चाचरत म्हणाली, "भाऊजी माझ्यापाशी नवस बोलले होते. तू वाचलीस तर पिंपळगावला अनवाणी जाऊन तुझ्या हातानं रेणुकाईची ओटी भरायची. पण आता तुझ्या हातची ओटी कशी चालंल, बाई? मी भरून येते."

दैवशाला खणाची घडी घालत राहिली.

"अक्का, ते पडले त्या दिवशी मीबी नवस बोलले होते. मला ने, पण त्यांना ठेव म्हणून." घडी नारळावर ठेवत म्हणाली, "देवीनं त्यांचं ऐकलं."

मग कपाळावर पदर ओढून तिनं खण-नारळ उचलला, चपला उंबऱ्याआतच ठेवल्या आणि पिंपळगावची वाट धरली.