सांता क्लाराचा नवस

घागऱ्याची नाडी सासूनेच आवळून बांधली. रोसेंडा नुसती उभी होती. ओढलं की हलायची, सोडलं की थांबायची.

"दोन वर्षांपूर्वी लाकडासारखी नाचलीस, तरी सांता क्लाराने ऐकलंच ना?" सासू इलुमिनादा म्हणाली. "या खेपेला नीट माग. धडधाकट दे म्हणावं."

"बरं, आई."

मूल झालं होतं. नाताळच्या तोंडावर आलं आणि नवं वर्ष उजाडायच्या आत गेलं. नवऱ्याने, इसागानीने, पाळणा बहिणीकडे पोचवला, दुपटी सासूने कुठेशी ठेवून दिली. त्यानंतर घरात कोणी विषय काढला नाही. सुनेच्या जखमेवरची खपली निघू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. रोसेंडाला मात्र कुठे काही दुखतच नव्हतं. ती भात शिजवायची, मासे साफ करायची, कुणी हसलं की हसायची. आपल्याला रडू येत नाही याची तिला लाज वाटायची. आता दुसरं मूल मागायचं म्हणजे पहिलं झालंच नव्हतं असं कबूल करायचं, एवढं तिला कळत होतं. पण नाही म्हणायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

जत्रेच्या दिवशी ओबांडो गावच्या रस्त्यात भरतीचं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. त्यातूनच बांबूच्या वाद्यांचा ताफा पुढे चालला होता आणि मागे बायका हात उंचावून, कंबर लचकवत नाचत होत्या. पाद्री यायच्या आधीही इथल्या बाया मुलासाठी अशाच नाचायच्या म्हणे. देव बदलला, मागणं तेच राहिलं. कोण कशासाठी आलंय हे विचारावं लागत नसे. नवस फेडायला आलेल्यांच्या कडेवर मूल असे, मागायला आलेल्यांची कड रिकामी.

रोसेंडा रिकाम्या कडेच्या बायकांत जाऊन मिळाली. पाय आपसूक पडत होते. मागून सासू आठवण करून देत होती, "माग गं, माग. देवळापर्यंत मागत राहा."

शेजारी मालाबोनहून आलेली एक नवी नवरी नाचत होती. घामाने तिची पावडर ओघळली होती.

"आमचे हे बघा," ती पुढच्या तरुणाकडे मान उडवत म्हणाली. "माझ्यापेक्षा तेच जास्त कंबर हलवतायत. बाळ बहुतेक त्यांनाच व्हायचं."

रोसेंडा सवयीने हसली.

देवळाचं दार आलं. आत मेणबत्त्यांच्या उजेडात सांता क्लाराची मूर्ती उभी होती. रोसेंडाने मागायला तोंड उघडलं. इतके महिने जे कुठे सापडत नव्हतं, ते एकदम छातीत दुखायला लागलं. पाय मात्र थांबले नाहीत.

नवरीने तिच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. "ताई, तुम्हीपण मागायलाच ना?"

"नाही गं," सासूला ऐकू जाईल अशा आवाजात रोसेंडा म्हणाली. "मी फेडायला आलेय. मला मुलगी झाली."