चिकूचा प्रश्न

चिकूच्या मणक्यात गाठ आहे हे कळलं, तेव्हा अनंतरावांच्या बायकोला, कुमुदला, जाऊन महिनाही झाला नव्हता. कुठं दुखतं ते कुत्र्यालाच विचारता यावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यात बोलका पट्टा बांधला. तो सांगेल तिथंच किरणं देऊन त्यांनी गाठ विरघळवली.

आज चिकू चारही पायांवर उभा राहिला.

"दुखतंय का रे आता?" बाईंनी विचारलं.

"नाही," पट्टा बोलला. "बिस्कीट दे. कुमुद कुठंय?"

बाई अनंतरावांकडे वळल्या. "काका, अजून सांगितलं नाहीत याला?"

"आजारी होता तो."

"आता बरा झालाय."

घरी येताच चिकू स्वयंपाकघरात धावला, मग परसात. परतून अनंतरावांसमोर बसला. त्यांनी पट्ट्याचं बटण बंद केलं.

चिकूला सांगायचं अजून राहिलंच आहे.