वाकडी टीप

उपदेश चालू असतानाच दीना चर्चमधून उठली, घरी आली आणि ब्लेड घेऊन त्या चिलखती जाकिटाच्या अस्तरावर तुटून पडली. एंजेला, तिची पोरगी, गायनमंडळात होती. शेवटचं गीत होईपर्यंत ती काही हलत नव्हती. म्हणजे हातात पाऊण तास होता.

जाकीट तसं बघण्यासारखं होतं. काळं रेक्झिन, खांद्यांवर फोमच्या ढाली, छातीवर माशाच्या खवल्यांसारखे चंदेरी तुकडे. उद्या पुण्यात कॉस्प्लेची स्पर्धा होती. तिथे पोरंपोरी गोष्टींतल्या राण्या नाहीतर राक्षस मारणारे वीर बनून येतात. एंजेला कुठल्याशा राज्याची सेनापती होणार होती. कुठलं राज्य, ते दीनाने विचारलं नव्हतं. विचारील कशाला? पोरीने या जाकिटासाठी आईला कुठे एका शब्दाने विचारलं होतं?

दुखणं तेच होतं. श्रीरामपुरात ब्लाउज शिवून घ्यावा तर दीनाकडून. लग्नसराईत बायका तिच्या दारात ताटकळायच्या. तिची स्वतःची पोरगी मात्र महिनाभर रोज संध्याकाळी स्टँडमागच्या गोजरबाईच्या दुकानात जाऊन बसत होती. आणि ही गोजरबाई कोण, तर सीट कव्हरवाली! मोटारसायकलच्या नि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारी. जिने जन्मात एक काज केलं नाही, ती म्हणे दीनाच्या पोरीला शिवण शिकवणार. शाळेत असताना एंजेलाने शिवलेली एकेक पिशवी, एकेक झबलं दीनाने गुपचूप उसवून पुन्हा नीट शिवून ठेवलं होतं. चार लोकांनी पोरीला नावं ठेवू नयेत म्हणून. एवढं करून पोरगी गेली कुठे, तर सीटवालीकडे. जेवताना एंजेलाचं "गोजरमावशी अशा आणि गोजरमावशी तशा" सुरू झालं की दीनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमचं मशीन काय मोडलंय का, असं ओठांवर यायचं. पण बाई मानी. भाकरी ताटात जरा जोरात टाकायची, एवढंच.

काल जाकीट पहिल्यांदा घरी आलं. दीनाने ते लांबूनच पाहिल्यासारखं केलं. आज चर्चला निघताना मात्र राहवेना म्हणून अस्तर उलटून बघितलं, आणि तिला असा काही आनंद झाला की सांगता सोय नाही. टीप वाकडी होती! बगलेपासून कंबरेपर्यंत चांगली नागमोडी गेली होती. मग कसली उपासना नि कसलं काय. ही गोजरबाईची अक्कल, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तिने दोन्ही बाजू उसवल्या, मशीनवर बसली आणि टीप मारली. पट्टी लावून तपासावी अशी सरळ. दोरा तोडून मान वर केली, तर दारात एंजेला. गीतांचं पुस्तक अजून तिच्या काखेतच होतं.

"काय केलंस, मम्मी?"

"निस्तरलं," दीना म्हणाली. "तुझ्या गोजरबाईनं घान करून ठिवली हुती. सीटा शिवनारीला अस्तरातलं काय कळतंय? आता बघ, बोट ठेवायला जागा न्हाई."

एंजेलाने अस्तर उलटं करून पाहिलं. मग मशीनवरचं ब्लेड उचललं आणि ती सरळ टीप उसवायला घेतली.

"अगं, डोकं फिरलंय का तुजं? पुण्याची एकची गाडी हाय!"

"स्पर्धेत आतून उलटून बघतात. स्वतःच्या हातचंच लागतं. दुसऱ्यानं शिवलेलं चालत नाही."

"दुसऱ्यानं?" दीना ताडकन उठली. "मी दुसरी व्हय? आन ती कोन लागून गेली? तिनं शिवल्यालं चालतंय, आन आईनं शिवल्यालं चालत न्हाई?"

"मावशींनी एक टाकासुद्धा घातला नाही. सगळं मीच शिवलंय. ती टीपही माझीच होती."

दीनाच्या मनातली जळजळ एवढ्याने थोडीच विझणार होती?

"मंग शिकवलं काय तिनं?"

"काहीच नाही. त्या त्यांच्या सीटा शिवतात, मी माझं शिवते."

"मंग घरात धडधाकट मशीन सोडून तिच्याकडं कशाला जात हुतीस गं?"

एंजेलाने हात थांबवला नाही. दोरा ओढत, मान खाली घालूनच ती म्हणाली,

"तिथं ठेवून आलं ना मम्मी, की दुसऱ्या दिवशी मी शिवलेलं तसंच असतं."